‘दूध पुरत नाही’ म्हणण्याआधी

बाळंतीण दवाखान्यातून घरी आली, की भेटायला येणाऱ्या प्रत्येकीचा प्रश्न ठरलेला असतो, “दूध पुरतंय ना?” पाचव्या-सहाव्या दिवशी बाळ संध्याकाळी रडू लागते. कुणीतरी म्हणते, “पोटच भरत नाही त्याचं.” रात्री मेडिकलमधून पावडरचा डबा येतो. बाटली तोंडाला लागते, बाळ झोपते आणि सर्वांना हायसे वाटते. पण बाटलीने पोट भरलेले बाळ अंगावर कमी ओढते. कमी ओढले की दूध कमी तयार होते. मग पंधरा दिवसांत आईचे दूध खरोखरच कमी होते आणि सगळे म्हणतात, “बघा, हिला आधीपासून दूधच नव्हतं!”

या साखळीत आईचा दोष कुठेच नसतो. तरी बोल तिलाच लागतो. बहुतेक आयांना बाळापुरते दूध येते. अडचण असते ती बाळाने अंगावर नीट न धरण्याची, पाजण्यात पडणाऱ्या खंडाची आणि आईला न मिळणाऱ्या मदतीची. काही आयांना मात्र खरेच दूध कमी असते आणि काही बाळे खरेच उपाशी राहतात. दोन्हींतला फरक घरच्यांना कळला पाहिजे, कारण पहिल्या प्रकारात डबा आणणे चुकते आणि दुसऱ्या प्रकारात वाट पाहणे बाळाच्या जिवावर बेतू शकते.

दूध येते कसे?

पहिले दोन-तीन दिवस येणारे घट्ट, पिवळसर दूध म्हणजे चीक. तो थोडाच असतो आणि थोडाच लागतो. पहिल्या दिवशी बाळाच्या पोटात एका वेळी चहाचा एखादा चमचाभरच दूध मावते. रोगांशी लढणारे घटक चिकात भरपूर असतात. तो ‘खराब’ म्हणून पिळून टाकण्याची रीत अजूनही काही घरांत आहे, ती बंद झाली पाहिजे. जन्मानंतर पहिल्या तासातच बाळाला अंगावर घ्यावे. सिझेरियन झालेल्या आईनेही शुद्ध आणि ताकद असेल तर नर्सताईंच्या मदतीने लवकरात लवकर पाजावे.

दुसऱ्या ते चौथ्या दिवशी दूध भरून येते. पहिलटकरणीला किंवा सिझेरियन झालेल्या आईला एखादा दिवस जास्त लागू शकतो. पुढचा हिशेब सोपा आहे, बाळ जितके ओढेल तितके दूध तयार होईल. म्हणून चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजावे. रात्रीचे पाजणे टाळू नये, कारण दूध तयार करणारे संप्रेरक रात्री जास्त स्रवते. दूध बाहेर सोडणारे संप्रेरक वेगळे असते. वेदना, भीती, अपमान यांनी ते अडते. म्हणजे बाळंतिणीला टोमणा मारला की त्या वेळचा पान्हाही अडू शकतो. घरातल्यांनी हे लक्षात ठेवावे.

पुरते की नाही, ओळखायचे कसे?

रडण्यावरून ठरवू नका. बाळ भुकेने रडते, तसेच ओल्या दुपट्याने, थंडीने, उकाड्याने, पोटातल्या गॅसने आणि नुसते कुशीत घेण्यासाठीही रडते. संध्याकाळी दोन-तीन तास सारखे अंगावर मागणे हेही तान्ह्या बाळाचे नेहमीचे वागणे आहे. महिनाभराने स्तन मऊ वाटू लागतात. ते दूध आटल्याचे लक्षण नाही. शरीराला बाळाच्या गरजेचा अंदाज आलेला असतो, इतकेच.

खरी खूण आहे शू, शी आणि वजन.

पाचव्या दिवसापासून बाळाने चोवीस तासांत किमान सहा वेळा फिकट रंगाची शू केली पाहिजे. पहिली काळी, चिकट शी चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत पिवळी झाली पाहिजे. जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत वजन थोडे उतरते. मात्र ते जन्मवजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त उतरले, तर डॉक्टरांना दाखवावे. म्हणजे तीन किलोच्या बाळाचे वजन दोन किलो सातशे ग्रॅमच्या खाली जाता कामा नये. दोन आठवड्यांत ते जन्मवजनावर परत आले पाहिजे. पुढे रोज साधारण वीस ते तीस ग्रॅम वाढ अपेक्षित असते.

वजनासाठी आशाताईंची मदत घ्या. दवाखान्यात बाळंत झालेल्या आईच्या घरी त्यांनी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी भेट द्यायची असते. बाळंतपणाला माहेरी आलेल्या लेकीची नोंद सासरच्या गावी असते आणि इथेच या भेटी हुकतात. म्हणून माहेरच्या गावच्या आशाताईंना आधीच सांगून ठेवावे.

बाळ अंगावर नीट धरत नाही तेव्हा

बहुतेक तक्रारींचे मूळ इथे आहे. बाळाने नुसते बोंड चोखले तर आईला दुखते आणि बाळाला दूध मिळत नाही. बोंडाभोवतीचा काळसर भागही बाळाच्या तोंडात गेला पाहिजे.

आईने पाठीला टेकू घेऊन बसावे. वाकून स्तन बाळाच्या तोंडात देऊ नये, बाळाला स्तनाजवळ आणावे. बाळाचे पोट आईच्या पोटाला लागलेले असावे. कान, खांदा आणि कंबर एका रेषेत असावी, मान वळलेली नसावी. बोंडाने बाळाच्या ओठाला स्पर्श करावा आणि ते जांभई दिल्यासारखे मोठे तोंड उघडेपर्यंत थांबावे. तोंड उघडताच त्याला जवळ ओढून घ्यावे.

नीट धरले आहे, हे असे ओळखा : हनुवटी स्तनाला टेकलेली आहे, खालचा ओठ बाहेर वळलेला आहे, गाल फुगलेले आहेत, काळसर भाग खालच्या बाजूला कमी आणि वरच्या बाजूला जास्त दिसतो आहे, आणि गिळण्याचा आवाज येतो आहे. चटचट आवाज येत असेल, गाल आत जात असतील किंवा आईला कळ येत असेल, तर ओढून काढू नका. स्वच्छ करंगळी बाळाच्या ओठांच्या कोपऱ्यातून आत सरकवा म्हणजे तोंड सुटेल. मग पुन्हा लावा. दहा वेळा करावे लागले तरी हरकत नाही. आईही नवी आहे, बाळही नवे आहे.

बोंड आत गेलेले किंवा चपटे असले तरी पाजता येते, कारण बाळ बोंडावर नव्हे, स्तनावर पिते. बोंड बाहेर काढण्याच्या पद्धती नर्सताई दाखवू शकतात. जिभेखालचा पडदा आखूड असल्याने किंवा टाळूला फट असल्याने बाळ ओढू शकत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. यावर उपचार आहेत.

चिरा, गाठी आणि ताप

बोंडाला चिरा पडण्याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे चुकीचे धरणे. ते सुधारले की चिरा भरू लागतात. पाजून झाल्यावर शेवटचे दोन थेंब दूध बोंडाला लावून वाळू द्यावे. प्रत्येक वेळी साबणाने धुऊ नये, त्याने कातडी कोरडी पडते.

दूध भरून स्तन दगडासारखे कडक झाले तर पाजणे थांबवू नका. पाजण्याआधी कोमट पाण्यात पिळलेले फडके ठेवा, हाताने थोडे दूध काढून काळसर भाग मऊ करा आणि मग बाळाला लावा. पाजून झाल्यावर थंड पाण्याचे फडके ठेवल्यास ठणका कमी होतो.

एखादा भाग लाल, गरम, दुखरा झाला आणि अंगात ताप भरला, तर डॉक्टरांकडे जा. औषधे सुरू असतानाही सहसा पाजता येते, आणि दूध साचू न देणे हाच उपचाराचा मोठा भाग असतो. दुर्लक्ष केल्यास पू होतो आणि तो काढावा लागतो. “तापाचं दूध बाळाला बाधतं” ही समजूत चुकीची आहे.

अशक्त, झोपाळू बाळ

कमी वजनाचे किंवा दिवस भरण्याआधी जन्मलेले बाळ भूक लागली तरी रडत नाही, झोपून राहते. “किती शहाणं बाळ आहे” असे म्हणून त्याला झोपू देणे धोक्याचे आहे. दर दोन-तीन तासांनी त्याला उठवावे. कपडे सैल करून आईच्या उघड्या छातीवर घ्यावे, तळपाय चोळावेत. तरी ओढत नसेल तर दूध काढून पाजावे.

हात साबणाने धुवावेत. अंगठा काळसर भागाच्या वरच्या कडेला आणि बोटे खालच्या कडेला ठेवावीत. आधी छातीकडे दाबावे, मग बोटे एकमेकांकडे आणावीत, सोडावे, पुन्हा दाबावे. कातडीवर बोटे घासू नयेत. उकळून घेतलेल्या स्टीलच्या वाटीत दूध घ्यावे आणि चमच्याने किंवा बोंडल्याने थोडे थोडे पाजावे. आपल्या आज्यांचे बोंडले बाटलीपेक्षा चांगले, कारण ते नीट घासता-उकळता येते आणि बाळाला रबरी बोंडाची सवय लागत नाही. काढलेले दूध झाकून खोलीत चार तास ठेवता येते, कडक उन्हाळ्यात त्याहून कमी वेळ. फ्रीजच्या आतल्या भागात ते चोवीस तास ठेवता येते. ते गॅसवर उकळू नये. वाटी कोमट पाण्यात ठेवावी.

खरेच कमी असेल तेव्हा

बाळंतपणात खूप रक्त जाणे, वारेचा तुकडा आत राहणे, थायरॉइडचा आजार, स्तनाची जुनी शस्त्रक्रिया, काही गर्भनिरोधक गोळ्या, अशा कारणांनी दूध खरोखर कमी असू शकते. दात घासायची मिश्री आणि तंबाखूही यात येतात. त्यातले निकोटिन दुधावाटे बाळात जाते आणि दूधही कमी करू शकते. मिश्रीची सवय डॉक्टरांपासून लपवू नका.

शू, शी, वजन या तिन्ही खुणा बाळ उपाशी असल्याचे सांगत असतील आणि डॉक्टरांनी वरचे दूध सुरू करायला सांगितले, तर ते द्यावे. त्यात आईचा पराभव नाही. आधी अंगावर पाजावे, मग वरचे द्यावे, म्हणजे आईचे दूध वाढायला वाव राहतो. पावडरचे माप डब्यावर लिहिल्याप्रमाणेच घ्यावे. डबा जास्त दिवस पुरावा म्हणून दूध पातळ केले, तर बाळाचे पोट भरलेले दिसते पण त्याचे कुपोषण होते. पाणी उकळलेले आणि भांडी उकळलेली असावीत. पहिल्या सहा महिन्यांत गाई-म्हशीचे दूध स्वतःच्या मनाने सुरू करू नये.

डब्याच्या आकर्षक जाहिरातींना भुलू नका. बाळाच्या दुधाच्या पावडरीची आणि बाटल्यांची जाहिरात करण्यास आपल्या देशात १९९२च्या कायद्याने बंदी आहे. २००३ साली तो कायदा आणखी कडक झाला. बाळ जन्मताच कुणी फुकट डबा हाती ठेवत असेल, तर ती मदत नाही, तो धंदा आहे.

सिद्धार्थाच्या जन्मानंतर सातव्या दिवशी महामाया गेली. त्याला अंगावर पाजून वाढवले महाप्रजापती गौतमीने. आनंदाने स्त्रियांना संघात प्रवेश मागताना तथागतांना गौतमीच्या या उपकाराची आठवण करून दिली होती. जन्मदात्या आईचे दूध न मिळालेले बाळ कमी नसते आणि दुसऱ्या आईचे दूध कमी प्रतीचे नसते, हे आपल्या परंपरेतच आहे. आज हेच काम मानवी दूधपेढ्या करतात. आशियातली पहिली दूधपेढी १९८९ साली मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. तपासलेले, निर्जंतुक केलेले दूध तिथून कमी वजनाच्या, आजारी बाळांना मिळते. ज्या आईला दूध जास्त आहे, ती ते दान करू शकते. यासारखे दान शोधून सापडणार नाही.

दृष्ट, पाचवी आणि बाळगुटी

बाळ पीत नाही म्हटले की आजही आपल्या काही घरांत मीठ-मिरची ओवाळली जाते. “अमकी येऊन गेली, तिची नजर लागली, दूध आटलं” असे बोलले जाते. पाचव्या रात्री सटवाई कपाळावर नशीब लिहिते, म्हणून पूजा मांडली जाते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला हे सगळे मागे टाकून आपण धम्माच्या वाटेला लागलो. बुद्धांनी कार्यकारणभाव शिकवला. दूध कमी झाले तर त्याला कारण असते, ते शोधावे लागते. ज्या शेजारणीवर नजर लावल्याचा आळ येतो, तिचे मन दुखावते. आणि ओवाळण्यात गेलेली रात्र बाळ उपाशीच काढते.

पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचे दूध द्यावे. पाणी, मध, साखरपाणी, बाळगुटी यांतले काहीही देऊ नये. डॉक्टरांनी दिलेले औषध किंवा थेंब तेवढे चालतात. मे महिन्यातही अंगावर पिणाऱ्या बाळाला वेगळे पाणी लागत नाही. मधातून तान्ह्या बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते, म्हणून वर्षाच्या आत मध नको.

आईचे ताट, आईची झोप

आळिवाची खीर, मेथीचे लाडू, डिंक हे जरूर द्या, त्याने आईला ताकद येते. पण बाळ ओढत नसेल तर कोणताही लाडू दूध वाढवणार नाही. पाजणाऱ्या आईला रोज सुमारे ६०० कॅलरी जास्त लागतात, म्हणजे एक पूर्ण जेवण जास्तीचे. काही घरांत बाळंतिणीला डाळ नको, फळ नको, पाणी कमी, अशी बंधने असतात. ती सोडा. भाकरी, डाळ, पालेभाजी, अंडी, शेंगदाणे, नाचणी, चालत असेल तर सुकट-बोंबील, हे स्वस्त आणि सकस अन्न आहे. तहान लागेल तसे पाणी प्यावे. सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या बाळंतपणानंतर सहा महिने चालू ठेवाव्यात.

पाजणे आईलाच करावे लागते. बाकीचे सगळे बाबांना करता येते. ढेकर काढणे, दुपटी धुणे, रात्री बाळाला उठवून आईच्या कुशीत देणे, तिला पाण्याचा तांब्या आणून देणे. बाळंतपणानंतर काही दिवस रडू येणे नेहमीचे आहे. पण दोन आठवडे उलटूनही उदासी हटत नसेल, झोप लागत नसेल, बाळाकडे बघावेसे वाटत नसेल, तर तो आजार आहे, नखरा नाही. डॉक्टरांना सांगा किंवा १४४१६ या ‘टेली-मानस’च्या मोफत क्रमांकावर बोला. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार येत असतील, तर तिला एकटे सोडू नका आणि लगेच दवाखान्यात न्या.

कामावर जाणारी आई

धुणीभांडी, बांधकाम, ऊसतोड, कारखाना. आपल्या कितीतरी भगिनी दीड-दोन महिन्यांत कामावर परततात आणि तिथेच पाजणे तुटते. १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी मांडले होते, की बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे. पुढच्याच वर्षी मुंबई प्रांतात तो कायदा झाला. १९६१च्या प्रसूती लाभ कायद्याने बाळ पंधरा महिन्यांचे होईपर्यंत रोज दोन वेळा पाजण्यासाठी सुट्टीचा हक्क दिला. २०१७च्या दुरुस्तीने पहिल्या दोन बाळंतपणांसाठी भरपगारी रजा २६ आठवड्यांची झाली आणि पन्नास किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी पाळणाघर सक्तीचे झाले. हा हक्क मागायला लाजू नका.

असंघटित भगिनींपर्यंत हे पोहोचत नाही, हे खरे आहे. त्यांनी निदान प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचा अर्ज अंगणवाडीत किंवा आशाताईंकडे भरावा. पात्र आईला पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये आणि दुसरी मुलगी झाल्यास ६,००० रुपये मिळतात. कामावर जाण्याआधी पाजावे, दूध काढून ठेवावे, आल्याबरोबर पाजावे आणि रात्री मोकळेपणाने पाजावे. अशाने दूध टिकते.

त्याच दिवशी दवाखाना

बाळाने पिणे एकदम सोडले, उठवूनही उठत नाही, अंग तापले किंवा गार पडले, श्वास मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त आहे, छाती आत ओढली जाते, झटके येतात, तळहात-तळपाय पिवळे झाले, सात-आठ तास शू नाही किंवा ती गडद पिवळी-नारिंगी आहे. यांतले एक जरी लक्षण दिसले, तरी सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा. बाळाला आईच्या छातीशी उघड्या अंगाने धरून, वरून पांघरून न्या, म्हणजे वाटेत ते गार पडत नाही. जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांसाठी विशेष कक्ष असतो.

आपल्या वस्तीत पुढचा नामकरण संस्कार होईल, तेव्हा त्रिशरण-पंचशील झाल्यावर महिला मंडळाने एवढे करावे. झबली-टोपडी कमी आणावीत आणि महिनाभर रोज एका घरातून बाळंतिणीचा डबा जाईल, अशी पाळी लावावी. ज्या बाईने नीट पाजून लेकरे वाढवली, तिने नव्या आईजवळ तासभर बसून धरण्याची पद्धत दाखवावी. आणि “दूध पुरतंय का?” असे विचारण्याऐवजी “तू जेवलीस का, झोपलीस का?” असे विचारावे.